पुश बटणाची गाडी उघडेना, तेव्हासाठी आधीच करायची तालीम

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, डायलिसिस मिरजेत असतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्या दिवशी संध्याकाळची पाळी होती. पावणेनऊच्या सुमारास मी त्यांना व्हीलचेअरवरून बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आणलं. डायलिसिसनंतर त्यांना फार थंडी वाजते. शाल गाडीत, जेवणाचा डबाही गाडीत. हँडलला हात लावला, गाडी गप्प. चावीवरचं बटण दाबलं, तरी गप्प. मोबाईलमधलं गाडीचं अ‍ॅप उघडलं, तर खाली रेंजच नाही.

शेवटी पार्किंगचे वॉचमन मामा आले. म्हणाले, "ताई, त्या चावीतनं बारकी चावी निघती बघा. आणि हँडलच्या कडेचं कव्हर काढा, आत भोक असतंय." तसं केलं, दार उघडलं आणि गाडीचा भोंगा वाजायला लागला. तो बंद होईना, गाडी चालू होईना, समोर 'चावी आढळली नाही' असा मेसेज. मी रॅम्प चढून वर रस्त्यावर गेले, रेंज मिळवली, पुण्याला दादाला फोन लावला. त्याने एकच वाक्य सांगितलं: ब्रेक दाब आणि चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाब. गाडी चालू झाली, भोंगाही थांबला.

या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. गाडी उघडायला आणि चालू करायला लागणारी प्रत्येक वस्तू तेव्हा माझ्या मुठीत होती, फक्त ती वापरायची कशी हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. अप्पा तेवढा वेळ कुडकुडत बसले. म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरीही असं कुणी म्हातारं, आजारी किंवा लहान असेल, तर येत्या रविवारी अर्धा तास काढा.

आधी गाडी चावी ओळखते कशी ते थोडक्यात. आपण हँडलपाशी गेलो की गाडी एक क्षीण लहर सोडते. ती जेमतेम मीटरभर पोचते. चावी ती ऐकते आणि आपल्या सेलच्या जोरावर रेडिओवरून उत्तर देते. सेल गेला की उत्तर बंद. पण चावीत आणखी एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही. गाडीतल्या कॉइलच्या अगदी जवळ नेली की तिथूनच तिला पुरेशी वीज मिळते. दादाने चावी बटणाला टेकवायला सांगितली ती यासाठी.

आता तालीम. गाडी दिवसाउजेडी घरासमोर लावा. ड्रायव्हरकडची काच पूर्ण खाली घ्या, म्हणजे काही चुकलं तरी हात आत जाईल. दुसरी चावी घरातल्या कुणाकडे तरी देऊन त्यांना गाडीपासून लांब, घरात बसवा. गाडी रिमोटने नेहमीसारखी लॉक करा आणि मग हातातल्या चावीतला सेल काढा. आता तुमच्याकडे तेच आहे जे माझ्याकडे त्या रात्री होतं.

चावीच्या पाठीवर किंवा कडेला एक छोटी खिट्टी असते. ती सरकवून धरली की धातूची सपाट चावी ओढून निघते. पहिल्यांदा ती घट्ट असते, नखं दुखतात, म्हणून दोन-चारदा काढघाल करून मोकळी करा. मग ड्रायव्हरच्या दाराचं कुलपाचं भोक शोधा. काही गाड्यांत ते उघडं दिसतं. पण बऱ्याच नव्या गाड्यांत ते हँडलच्या मागच्या टोकाशी, गाडीच्याच रंगाच्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. टोपीच्या खालच्या अंगाला एक खाच असते. माझ्या गाडीत आधी हँडल बाहेर ओढून धरावं लागतं, मग चावीचं टोक खालून त्या खाचेत घालून टोपी अलगद उचकटावी लागते. अंधारात, पावसात, मागून कुणी घाई करत असताना हे पहिल्यांदा करायला गेलात तर रंगावर ओरखडे उठतील आणि टोपीचे दातही मोडतील. उजेडात बोटांनी एकदा चाचपून ठेवलं की पुढे हाताला आठवतं.

किल्ली फिरवून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप धूळ-पाण्याने आखडतं. माझं आखडलं होतं. जोर लावू नका, ती बारकी चावी वाकते. ग्रॅफाइटची पूड किंवा कुलपासाठीचा स्प्रे मिळतो, तो मारा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, त्यावर धूळ चिकटून चिखल होतो.

दार उघडल्यावर भोंगा वाजण्याची शक्यता आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. भोंगा वाजला तर घाबरून खाली उतरू नका. आत बसा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक आणि गिअरची असेल तर क्लच दाबा, चावी बटणाला टेकवा. चावी टेकवायची जागा सगळ्या गाड्यांत बटणच असते असं नाही. काहींत स्टिअरिंगच्या दांड्याजवळ खूण असते, काहींत कन्सोलच्या कप्प्यात. गाडीच्या माहितीपुस्तकात हे पान असतं. त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. पुस्तक गाडीच्या कप्प्यात असतं आणि गरज लागते तेव्हा गाडी बंद असते.

गाडी चालू झाली की तालीम संपली. सेल परत बसवताना त्यावरचा नंबर वाचा. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो, काहींत २०२५. नंबरातच मापं लिहिलेली आहेत: २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ किंवा २.५ मिलिमीटर जाड. म्हणून २०३२ च्या जागी २०२५ घालू नका, तो सैल बसतो आणि खड्ड्यातून जाताना मधूनच सुटतो. घड्याळवाल्याकडे हा सेल सहज मिळतो. माझ्या गाडीने आठवडाभर आधी 'चावीची बॅटरी कमी' असं दाखवलं होतं आणि मी बघून सोडून दिलं होतं. आता मी दर दसऱ्याला, गाडीची पूजा करतो तेव्हाच, दोन्ही चाव्यांचे सेल बदलते. हो, कपाटातल्या चावीचाही, कारण तीही न वापरता उतरत असते. चावी टीव्ही-लॅपटॉपजवळ किंवा गाडी लावतो त्याच भिंतीच्या आत खुंटीला टांगली, तर सेल आणखी लवकर जातो. जुना सेल मात्र लगेच चिकटपट्टीत गुंडाळून लहान मुलांच्या हाताबाहेर टाका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसा संशय जरी आला, तरी थेट दवाखाना गाठा.

कधी चावी ठीक असते आणि गाडीचीच बॅटरी उतरलेली असते. ओळखायचं सोपं आहे. बटण दाबल्यावर चावीवरचा बारीक दिवा लागतो, दुसरी चावीही तपासली, तरी गाडी ना दिवे लुकलुकवते ना आवाज करते. तेव्हाही दार त्या धातूच्या चावीनेच उघडेल, पण चावी बटणाला टेकवून काही होणार नाही. गाडीला जम्प स्टार्टच द्यावा लागेल, म्हणजे केबल जोडून दुसऱ्या बॅटरीवरून वीज घेऊन ती चालू करावी लागेल. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे समजून घ्यावं: मोठी बॅटरी भरलेली असली तरी कुलपं आणि दिवे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. आणि बटणाने उघडणारी डिकी वीज नसताना उघडत नाही, म्हणून जम्पर केबल डिकीत ठेवू नका. मी सीटखाली ठेवते.

चावी आत राहून गाडी लॉक होऊ नये अशी सोय कंपन्या करतात, पण तिच्यावर विसंबू नका. सेल अर्धमेला असेल, किंवा चावी स्टीलच्या डब्यांच्या पिशवीत डिकीत पडली असेल, तर गाडीला ती कळत नाही. शिवाय रिमोटने उघडून अर्ध्या मिनिटात कुठलंच दार उघडलं नाही, तर बऱ्याच गाड्या आपोआप पुन्हा लॉक होतात. चावी कायम अंगावरच्या खिशात, सामानात कधीच नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना लावला आहे.

याच्या उलटही होतं. दादा मला मिरज जंक्शनवर सोडायला आला होता. गाडी मी चालवत नेली, उतरून त्याच्या हाती दिली आणि चावी पर्समध्ये घेऊन प्लॅटफॉर्मवर गेले. इंजिन चालू होतं, त्यामुळे गाडी पिपाण्या वाजवत का होईना, चालत राहिली. नशीब, पेट्रोल पंपावर बंद करण्याआधी त्याच्या लक्षात आलं. एकदा बंद झाली असती तर पुन्हा चालू झालीच नसती. ड्रायव्हर बदलताना चावी हातात द्या आणि तोंडाने बोला: "चावी घे."

दुसरी चावी घरात असून आपण सगळेच घराबाहेर असलो तर तिचा उपयोग शून्य. आमची समोरच्या काकूंकडे असते. नवीन गाडीसोबत चावीच्या नंबराचा एक छोटा बिल्ला मिळतो. तो गाडीत न ठेवता घरी जपून ठेवा, डुप्लिकेट करताना लागतो. विमा भरताना 'की रिप्लेसमेंट' (चावी बदलून मिळणं) आणि रोडसाइड असिस्टन्स (गाडी अडली तिथे येऊन मदत) आहे का ते विचारा. नव्या चावीचा खर्च हजारांत जातो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. मूल गाडीत अडकलं असेल, तर वरचं काहीही करत बसू नका. उन्हात गाडीच्या आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढू शकतं. दुसऱ्या कुणाला तरी ११२ ला फोन करायला लावा. मूल मलूल दिसलं, किंवा किल्ली एक-दोन मिनिटांत हाती येत नसेल, तर काच फोडा. पुढची मोठी काच नाही, ती दोन थरांत चिकटवलेली असते, फुटून निघत नाही. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच घ्या, आणि कोपऱ्यावर, टणक टोकाने मारा. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला मी हॉर्न दाबायला शिकवलं आहे. गाडी बंद असली तरी आमच्या गाडीचा हॉर्न वाजतो. तुमचा वाजतो का ते तालमीतच बघा.

अप्पांच्या डायलिसिसच्या फाइलमध्ये आता एक कार्ड आहे, कारण त्या रात्री मोबाईलही गाडीतच राहिला असता तर दादाचा नंबर मला पाठ नव्हता. त्यावर रोडसाइडचा नंबर, पॉलिसी नंबर, दादा आणि काकू यांचे नंबर, आणि खाली माझ्या अक्षरात: 'कव्हरची खाच खालून. भोंगा वाजला तर आत बस, ब्रेक दाब, चावी बटणाला टेकव.' शाल मात्र मी आता गाडीत ठेवत नाही, वर वॉर्डात सोबत नेते.