लहान मुलाच्या नजरेतून छोटी भयकथा कशी लिहायची

सगळ्यात आधी रात्र काढून टाका. अमावस्या, किर्रर्र अंधार, कुत्र्याचं रडणं हे आलं की वाचक सावरून बसतो, मग त्याला काहीही दाखवा तो दचकत नाही. त्यापेक्षा मे महिन्यातली दुपार घ्या, आजोळ घ्या, मोठी माणसं जेवून आडवी झालीयत आणि पोरगं एकटंच परसात हिंडतंय. त्याला तिथे काय काय भारी वाटतं ते मनापासून लिहा, निम्मी कथा त्यातच गेली तरी चालेल, कारण ज्या गोष्टीवर वाचकाचा जीव बसलाय तीच फिरली तर खरी भीती वाटते.

आता मटेरियल कुठून आणायचं? आपल्या घरातल्या नियमांतून. रात्री शीळ घालायची नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही, अंधारात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. का, असं विचारलं की उत्तर एकच, नाही म्हटलं ना! ही अर्धवट उत्तरं म्हणजे सोनं आहे, कारण उरलेलं अर्धं मूल स्वतःच्या डोक्याने भरतं आणि तिथेच कथा सुरू होते.

एक उदाहरण करून बघू. विनू आजोळी आलाय. विहिरीत वाकून तो स्वतःचं नाव ओरडतो आणि विहीर खालून "नूऽऽ" असं परत देते. त्याला ते इतकं आवडतं की रोज दुपारी जाऊन तो विहिरीशी बोलतो, तिला शाळेतलं सांगतो, तिच्यासाठी चिंचा नेऊन टाकतो. एका संध्याकाळी आजी त्याला तो हाकेचा नियम सांगते. विनू विचारात पडतो, की विहीर एवढे दिवस मला हाक मारतेय आणि मी एकदाही ओ दिली नाही, तिला किती वाईट वाटलं असेल. तो तसाच अंधारात पळत जातो, नाव ओरडतो, "नूऽऽ" येतं, आणि तो प्रेमाने म्हणतो, "ओ!" या वेळी खालून काहीच परत येत नाही. दुसऱ्या दिवशी आजी परसात बघून जेवायला हाक मारते. विनू तिच्या मागेच उभा असतो. तो तोंड उघडतो. ओ विहिरीतून येते.

संपली कथा. पुढे एक ओळही नको. विहिरीत कोण होतं, कधी बुडालं, गावातले म्हातारे काय म्हणतात, हे सगळं लिहायचा मोह होतो, मलाही होतो, पण ते लिहिलं की भीती विझते. आणि एक बघा, धक्का बाहेरून आणलेला नाही, प्रतिध्वनी, नियम, मुलाचा चांगुलपणा हे तिन्ही वाचकाच्या समोरच ठेवलेलं होतं. मूल काहीतरी चांगलं करायला जातं आणि त्यातूनच वाईट घडतं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. नुसतं दचकवायला म्हणून मुलाचे हाल करू नका प्लीज, ते वाचवत नाही.

भूत घ्यायचंच असेल तर मुंजा घ्या. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो म्हणतात. आपण त्याला घाबरतो पण तो मुळात पोरगाच ना, त्याला खेळायला कुणीतरी हवं असणार! तिथून विचार करा, लाल डोळ्यांपासून नको.

भाषा मुलाची ठेवा. "भयाण", "गूढ", "अनामिक" हे शब्द दिसले की डिलीट. मुलाला तर भीती वाटतच नसते, ती वाचकाला वाटायची असते. रत्नाकर मतकरींनी बालनाट्यंही लिहिली आणि गूढकथाही, हे मला अजिबात विचित्र वाटत नाही, दोन्हीकडे मुलासारखं थक्क होता यायला लागतं.

ते सगळं स्वप्न होतं, किंवा तो आधीच मेलेला होता, हे दोन शेवट सोडून द्या, वाचक दुसऱ्या पॅरालाच ओळखतो. हजारेक शब्दांत आटपा. ड्राफ्ट झाला की घरात कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, तेही भर दिवसा, आणि शेवटच्या ओळीनंतर काही न बोलता थांबा. त्याने "मग पुढे?" विचारलं तर आधीचा भाग परत लिहा. तो गप्प बसला तर कथेला हात लावू नका.