खाडीसाठी झटलेल्या माणसाचा स्मृतिदिन कसा पाळावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत खाडीकाठासाठी वर्षानुवर्षं भांडलेलं कुणी गेलं की शोकसभेत दोन ठराव हमखास येतात : नावाचा कट्टा बांधू आणि झाडं लावू. दोन्ही टाळा. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाभोवतीच्या (म्हणजे खाडीतल्या तिवरांच्या जंगलाभोवतीच्या) ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आहे. ज्यांनी ही मनाई पाळली जावी म्हणून चपला झिजवल्या, त्यांच्याच नावाचा कट्टा त्या पट्ट्यात उभा राहायला नको. झाडांचं म्हणाल, तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात हौसेने कांदळ लावली की फ्लेमिंगोंची चरायची जागाच जाते.

पहिलं काम त्यांच्या घरातल्या तक्रारींच्या कागदांचं, तेही रद्दीवाला यायच्या आत. गठ्ठे तारखेनुसार लावू नका. आधी जागेनुसार लावा (कोलशेत, ऐरोली, नेरुळ, सर्व्हे नंबर असेल तर त्याप्रमाणे) आणि मग प्रत्येक जागेत तारखेनुसार. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पोच : तक्रारीच्या प्रतीवरचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. स्कॅनिंगची सुरुवात स्पीड पोस्टच्या पावत्यांपासून करा. त्या बऱ्याचदा थर्मल कागदावर असतात आणि छाप हळूहळू पुसट होऊन कोरा कागद हातात उरतो. ३०० डीपीआय पुरे. टाचण्या-पिना ओढून काढू नका. गंजलेल्या असतात, कागद फाटतो. पिनेचे पाय मागून सरळ करा, मग काढा.

त्यांचा मोबाइल नंबर चालू ठेवा. प्रीपेड नंबर रिचार्जविना काही महिन्यांत बंद होतो आणि मग ईमेलचा ओटीपी कुणालाच मिळत नाही. फोनमधले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की त्यातली मूळ तारीख-वेळ आणि ठिकाणाची नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबल लावून उतरवून घ्या. त्यांच्या नावावर जनहित याचिका चालू असेल तर वकिलांना लगेच कळवा. उत्तर न आलेले माहिती अधिकाराचे अर्ज आपल्या नावाने नव्याने टाकणं सोपं : १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस.

आता खुद्द स्मृतिदिन : दर वर्षी खाडीकाठी जायचं आणि त्यांनी जिथून फोटो काढले तिथूनच पुन्हा काढायचे. तो तारखेने पाळू नका, तिथीने पाळा. यात श्रद्धेपेक्षा सोय जास्त आहे. भरती-ओहोटी तिथीला बांधलेली असते. दर वर्षी त्याच तिथीला गेलात तर पाणी साधारण त्याच वेळी उतरलेलं मिळतं. तारखेने गेलात तर एका वर्षी चिखल, दुसऱ्या वर्षी बांधापर्यंत पाणी, आणि मग ‘हे भरतीमुळे असं दिसतंय’ म्हणत साहेब फोटो बाजूला सारतात.

हिशेब कोळीवाड्यातलाच : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. खाडीत आत, ठाण्याकडे, पाणी आणखी उशिरा फिरतं. त्या दिवसाचं भरतीचं कोष्टकही पाहून घ्या. मुंबईची वेळ अपोलो बंदराची असते. त्यांच्या तिथीला ओहोटी काळोखात येत असेल, तर त्याच पंधरवड्यातली चतुर्थी किंवा पंचमी कायमची धरा. पाणी किती उतरेल हे ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून महिनाही मराठीच धरा. अधिक मास आला तर निज महिना.

ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. त्यांच्या जुन्या फोटोंमधल्या सहा-सात जागा निवडून ठेवा. प्रत्येक फोटोत न हलणारी एक खूण हवी : विजेचा मनोरा, पुलाचा खांब, जेट्टीचं टोक. जुना फोटो छापून हातात धरा आणि मनोरा तिवरांच्या शेंड्यांच्या जेवढा वर दिसतो तेवढाच दिसेपर्यंत मागे-पुढे सरका. झूम वापरू नका. दिशा आणि वेळ वहीत तिथल्या तिथे लिहा. घरी जाऊन कुणी लिहीत नाही. बांधावरून खाली उतरू नका. तिवरांची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात, पायाखाली मोडतात. आणि चिखल गुडघ्यापर्यंत सहज ओढतो. मुळांत गुंतलेलं प्लॅस्टिक हिसकू नका, कात्रीने कापून जेवढं सुटेल तेवढंच घ्या.

राडारोडा, नवा भराव किंवा पाणी अडवणारा बांध दिसला तर जुना-नवा फोटो एका पानावर शेजारी छापा. खाली सर्व्हे नंबर आणि जुन्या तक्रारीचा आवक क्रमांक घाला. तो क्रमांक नसला की तक्रार नवी समजून पुन्हा पहिल्या टेबलावरून सुरू होते. अर्ज वन विभागाच्या कांदळवन कक्षाला द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि एक बेलापूरच्या कोकण भवनात : उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली कांदळवन समिती कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली आहे. सही एकट्याची नको, निदान तिघांची असू द्या, आणि त्यात एक तरी तिशीच्या आतला. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.