लोकल बंद, डबल ड्यूटी : वॉर्डमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. मुंबईत असा पाऊस लागला की लोकल थांबतात, पुढच्या पाळीच्या सिस्टर वाटेत अडकतात आणि वॉर्डमध्ये डबल ड्यूटी सुरू होते. नेहमीचा स्टॉक संपतो, उसनी वस्तू येते, आणि दमलेला हात जुन्या सवयीनेच चालतो. नव्या सिस्टर-ब्रदरनी इथेच डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

इन्सुलिनचंच घ्या. ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलीमध्ये ४० युनिट) व्हायलला लाल टोपणाची सिरिंज लागते, दर मिली १०० युनिटच्या व्हायलला नारिंगी. उसनी आलेली १०० ची व्हायल लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरली, तर रुग्णाला २५ युनिट जातात. साखर धाडकन उतरते, आणि झोपलेल्या रुग्णात ते कळतही नाही. म्हणून लेबल मोठ्याने वाचा, सिरिंज दुसऱ्याला दाखवा. एकटेच असाल तर मावशींना टोपणाचा रंग विचारा. तेवढ्यानेही हात थांबतो.

पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये कधीही नको. ते पाणी समजून थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं.

पाणी शिरलं म्हणून तळमजल्यावरचे रुग्ण वर हलवायचे, तर आधी ऑक्सिजनचा हिशेब करा. बी-टाइप सिलिंडरची क्षमता पाण्याच्या मापाने १० लिटर असते, पण गॅस त्यात दाबून भरलेला असतो. गेजवर दाब १०० बार असेल तर गॅस साधारण १००० लिटर (१० गुणिले १००). मिनिटाला १० लिटरच्या फ्लोवर तो १०० मिनिटं पुरतो. शेवटचा पाव भाग राखीव धरला की हातात उरतात ७५. लिफ्ट बंद असेल तर जिन्यावरचा वेळही त्यातच. मास्कची पिशवी श्वासागणिक चपटी होत असेल तर फ्लो वाढवायला हवा. गॅस वाचवायला फ्लो कमी करू नका. सिलिंडर उघडायची चावी त्याच्याच गळ्यात बँडेजने बांधा. झडप घट्ट बसली तरी तेल लावू नका, पेट घेते.

रुग्ण हलले की खाटांचे नंबर बदलतात. ‘बारा नंबरला अँटिबायोटिक’ असं तोंडी सांगणं तेव्हा फार धोक्याचं. नाव आणि आयपीडी नंबर (भरती रुग्णाचा नोंदणी क्रमांक) मनगटपट्टीशी जुळवा. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, डॉक्टरांना परत वाचून दाखवा.

ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, खाटेपाशीच द्या, कितीही घाई असली तरी. उसनी व्हायल फ्रिजमध्ये उरली असेल तर ती हातात घेऊन दाखवा आणि सोबत नारिंगी सिरिंज ठेवा.