उन्हाळी डोंगरयात्रेची आखणी : दुपारच्या आत मुक्कामाला कसे पोहोचावे

उंच डोंगरातला उन्हाळ्याचा दिवस लांब दिसतो, पण चालण्यासाठी त्याचा पूर्वार्धच भरवशाचा असतो. सकाळपासून तापलेल्या उतारांवरून ओलसर हवा वर चढते, तिचे ढग बनतात आणि दुपारनंतर तेच ढग विजांसह कोसळू शकतात. त्यामुळे तंबू घेऊन दोन-तीन दिवसांसाठी निघायचे असेल, तर आधी रोज किती वाजता थांबायचे ते ठरवावे आणि मगच अंतर ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुपारी एकच्या सुमारास तंबू उभा राहिलेला असावा, हे धरून पुढचा हिशेब मांडला आहे.

वेळेचा हिशेब मांडा

नकाशावर मार्गाचे अंतर आणि एकूण चढ अशा दोन्ही गोष्टी मोजाव्यात. केवळ किलोमीटर पाहून निघणारे हमखास फसतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरला जातो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल, तर साडेतीन तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या तयारीच्या माणसाचा आहे. पाठीवर तंबू, सोबत नवखे आणि मध्ये विश्रांती धरता त्यात निम्म्याची भर घालावी. तसे केल्यास सव्वापाच तास होतात, आणि एक वाजता पोहोचायचे तर साडेसातला पहिले पाऊल पडलेच पाहिजे. ‘अमुक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे’ अशी वेळही घरीच ठरवून सर्वांना सांगावी, कारण शिखर समोर दिसत असताना तो निर्णय शांतपणे घेता येत नाही.

मार्ग २,५०० मीटरच्या वर जात असेल तर विरळ हवेचा त्रास संभवतो. ३,००० मीटरच्या पुढे एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा पुढच्या रात्रीचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक उंच नसावा. डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागीही धाप लागू लागली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरावे.

शेवटी मार्ग, मुक्कामाच्या जागा आणि परतण्याची वेळ घरी राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीला लिहून द्यावी, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागायची तेही त्यात नमूद करावे.

सॅक भरा

दर १,००० मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याशी ३५ अंश असले तरी २,००० मीटर वर २२ अंशांच्या आसपास असते, आणि रात्री, तेही वाऱ्यात, बरेच कमी. उन्हाळा आहे म्हणून गरम कपडे आणि पावसाचे जॅकेट घरी ठेवण्याची चूक अनेकजण करतात. सुती कपडा घामाने किंवा पावसाने भिजला की लवकर वाळत नाही व अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून अंगालगतचा कपडा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. स्लीपिंग बॅगइतकेच महत्त्व तिच्याखालच्या मॅटला द्यावे, कारण शरीराच्या भाराने बॅगेचा खालचा भाग दबून त्याची ऊब जाते आणि जमिनीचा गारवा थेट पाठीला लागतो.

एकूण वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापलीकडे जाऊ देऊ नये. हलकी स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान पाठीला चिकटून खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर, आणि जॅकेट सर्वांत वर ठेवावे. हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराचे सामान आणि कागदी नकाशा यांना मोबाइल हा पर्याय आहे असे समजू नये. शिट्टीचा संकेतही माहीत असावा : एका मिनिटात सहा वेळा वाजवावी, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे.

चालताना

सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर लागते, कडक उन्हात त्याहून अधिक. टाचेला किंचित चटका जाणवला की त्याच क्षणी थांबावे, मग सोबतचे सगळे पुढे निघालेले का असेनात. बूट काढावा, मोज्यातला खडा झटकावा, कातडी कोरडी करावी आणि लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावावी. या पाच मिनिटांचा कंटाळा केला, तर संध्याकाळी तिथे पाण्याने भरलेला फोड असतो आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा हिशेब लंगडा होतो.

गडगडाट ऐकू आला की धार आणि शिखर सोडून खाली यावे, एकट्या उंच झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा वर चढू नये. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही.

मुक्काम करा

वेळेत पोहोचल्याचा खरा लाभ इथे होतो : जागा निवडायला उजेड असतो. पाण्यापासून निदान ६० मीटर दूर थांबावे. कोरडा ओढा सपाट व मऊ दिसतो, पण वर कुठे पाऊस झाला तर तो काही मिनिटांत भरतो. दरीच्या तळाशी रात्री थंड हवा साचते, म्हणून तळापासून थोडी वरची, वाऱ्याच्या आडोशाची जागा बरी. वाळलेल्या फांद्या डोक्यावर नाहीत ना, हे मान वर करून पाहावे. मग तंबू उघडण्यापूर्वी त्या जागेवर प्रत्यक्ष आडवे व्हावे. डोळ्यांना न दिसलेले मूळ आणि उतार पाठीला लगेच कळतात. खुंट्या ठोकताना त्यांचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवावे, म्हणजे दोरी ताणली तरी खुंटी उपसत नाही.

पिण्याचे पाणी खळखळून एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळते, त्यामुळे अन्न शिजायला वेळ लागतो आणि इंधन जास्त जाते. थंडी वा पाऊस असला तरी स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नये. आगीइतकाच तिथे साचणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. शौचासाठी पाणी, वाट आणि तंबू यांपासून ६० मीटर दूर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा व नंतर तो बुजवावा.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पाण्याचा ओढा ओलांडायचा असेल, तर संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवावा. पहाटे तो दगड पाण्यापासून वीतभर दूर राहिलेला दिसेल, कारण रात्रीच्या गारव्यात बर्फ वितळणे मंदावते आणि प्रवाह ओसरतो. तीच ओलांडण्याची वेळ. पाण्यात उतरण्यापूर्वी सॅकचे कंबरेचे व छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे तोल गेल्यास ती झटकन टाकता येते.

उतरणीला लागताना बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधाव्यात, नाहीतर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. थकलेले पाय घसरतात ते बहुधा उतारावरच, तेव्हा इथे वेळ वाचवू नये. पायथ्याशी पोहोचताच, बूट काढण्याच्याही आधी, घरी ज्या व्यक्तीला मार्ग लिहून दिला होता तिला पोहोचल्याचा निरोप द्यावा. ती अजून घड्याळाकडे पाहत बसलेली असते.