रॅपचं गाणं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कसं बसवायचं

इंदूरच्या रामबागेतली रॅप करणारी पोरं माझ्याकडे ट्रॅक घेऊन येतात. मागणं एकच: ‘काका, सगळ्यांना आवडेल असं करून द्या!’

आधी हुक, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारा तुकडा. टेम्पो ९६ (मिनिटाला ९६ ठोके) धरला तर चार-चार ठोक्यांचे आठ बार बरोबर २० सेकंदांत संपतात. तेवढ्यात चार ओळी, आणि त्याही वरपक्षाच्या आत्याबाईंना दुसऱ्या फेरीत म्हणता आल्या पाहिजेत. सूर पाचच ठेवा, भूप रागातले घेतले तरी चालतील. हुक स्वतः रेकत बसू नका, गळा असलेल्या कुणाला तरी द्या. सोळा बारचा अंतरा ४० सेकंद खातो, म्हणून इंट्रो आवरता घ्या. मिनिटभरात हुक आलाच पाहिजे.

मग खाली ओळखीचा ठेका. १९७९ मध्ये शुगरहिल गँगनं ‘रॅपर्स डिलाइट’ला शीक या डिस्को बँडच्या ‘गुड टाइम्स’चा बेस घेतला, त्यावर लोक आधीच नाचत होते. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप ग्रुपनं एरोस्मिथ या रॉक बँडचं ‘वॉक धिस वे’ त्याच बँडच्या स्टीव्हन टायलर आणि जो पेरीला सोबत घेऊन केलं, आणि रॉकवाले आपसूक ऐकायला लागले. (दुसऱ्याचा तुकडा उचलणार असाल तर परवानगी आधी.)

अंतऱ्यातलं ‘भिया’ (आपलं इंदुरी ‘भैया’) मात्र काढू नका. पोरं तेच पुसून गुळगुळीत करतात, मग ऐकायचं काय?

शेवटी मिक्स फोनवर ऐका. ८०८ चा (त्या नावाच्या ड्रम मशीनचा) खालचा बेस तिथे गायब होतो, त्याला थोडं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे आवाज जरा फाटू द्या.