सीएनसी लेथ शिकताना: ‘इनपुट’ आणि ‘+इनपुट’

आयटीआय किंवा डिप्लोमा करून सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथवर, येणाऱ्याला जी०० म्हणजे रॅपिड (न कापता वेगाने सरकणे), जी०१ म्हणजे फीडने कटिंग आणि एम०३ म्हणजे स्पिंडल सुरू, एवढे येत असतेच, म्हणून ती उजळणी मी येथे करत नाही. मी अडकलो तो कंट्रोलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावरच्या ऑफसेटच्या पानावर, जेथे टूलच्या जागेचे आणि दुरुस्तीचे आकडे असतात.

प्रोग्राममधल्या टी०२०२ या आज्ञेतले पहिले दोन अंक टर्रेटवरचे (टूल बसवलेल्या फिरत्या डोक्यावरचे) टूल सांगतात आणि पुढचे दोन ऑफसेटचा क्रमांक. त्या क्रमांकाची नोंद दोन ठिकाणी असते. जॉमेट्रीच्या पानावर टूलचे टोक कोठे आहे हे सेटिंगच्या वेळी नोंदवलेले असते, तर वेअरच्या पानावर इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलता येणारी कापणारी चकती) झिजल्यामुळे करावी लागणारी किरकोळ दुरुस्ती असते, आणि कंट्रोल या दोन्हींची बेरीज धरूनच टूल हलवतो. लॉट चालू असताना जॉमेट्रीला हात लावू नये. लेथवर एक्स (जॉबच्या जाडीच्या दिशेचा अक्ष) सहसा व्यासात धरलेला असतो, त्यामुळे मायक्रोमीटरवर दिसलेला फरक वेअरमध्ये तेवढाच घालायचा, निम्मा करायचा नाही.

माझ्या त्या रात्रपाळीत जॉबचा बाहेरचा व्यास ३२.०० मिमी आणि टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०२ होता. आधीच्या पाळीतल्या ऑपरेटरने नवा इन्सर्ट लावून, व्यास कमी होऊ नये या खबरदारीने, वेअरमध्ये +०.०८ ठेवले होते. पहिला जॉब ३२.०४ निघाला. ‘चाळीस मायक्रॉन (०.०४ मिमी) मायनस मार’ असे सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराने, लांबूनच सांगितले आणि मी −०.०४ टाइप करून ‘इनपुट’ दाबले. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘इनपुट’ जुना आकडा पुसून नवा ठेवते. जुन्यात मिळवायचे असेल तर ‘+इनपुट’ दाबावे लागते. पानावर +०.०४ यायला हवे होते, तेथे −०.०४ आले. व्यास ०.०४ ऐवजी ०.१२ ने उतरला आणि पुढचा जॉब ३१.९२ झाला. जादा राहिलेला व्यास पुन्हा कापता येतो, कमी झालेला भरून येत नाही. त्यावर कडी म्हणजे मी तो जॉब न मोजताच आणखी तीन काढले होते.

चार जॉब रिजेक्ट झाले म्हणून कोणाची नोकरी जात नाही, माझीही गेली नाही. मात्र न मोजता पुढे जाण्याची सवय लागली, तर एक दिवस टूल चकवर (जॉब पकडून फिरणाऱ्या भागावर) आदळेल आणि तेव्हा प्रकरण चार जॉबवर थांबणार नाही. ‘मायनस मार’ एवढेच सांगणारा सेटर कितीही अनुभवी असला, तरी तो शिकवत नसतो, स्वतःचे काम उरकत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला ‘जुन्यात मिळवू की नवा ठेवू?’ असे विचारावे. तो चिडला तरी चालेल.

दशांशचिन्हाबाबतही असेच आहे. अनेक मशीनवर एक्स५० असे बिंदूशिवाय लिहिले, तर कंट्रोल ते ५० मिमी न समजता ५० मायक्रॉन समजतो. नव्या प्रोग्रामचा पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एकेका ओळीनंतर थांबत), रॅपिडचा वेग कमी ठेवून चालवल्यास अशी चूक वेळेत दिसते. ऑफसेट बदलताना मी आजही जुना आकडा, दुरुस्ती आणि येणारी बेरीज वहीत आधी लिहितो, आणि पानावर तीच बेरीज दिसल्यावरच सायकल स्टार्ट दाबतो.