क्रीड नुसती म्हणू नका, वापरा
एखादी शिकवण ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातली आहे की नुसतं कुणाचं मत, हे तपासायचं असेल तर नायसीन क्रीड (चर्चमध्ये म्हटलं जाणारं ख्रिस्ती श्रद्धेचं जुनं निवेदन) समोर घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा, ही कुणाला उत्तर आहे? पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ हे थेट एरियस नावाच्या धर्मगुरूला, तो म्हणायचा पुत्र निर्माण केलेला आहे, म्हणून तर ३२५ साली नायसिया शहरात (आजच्या तुर्कस्तानात) बिशप जमले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं. आता काय नाही तेही बघा: ख्रिस्त परत येणार हे आहे, तारीख नाही (तारखा सांगणारे ढीगभर भेटतात!). अशा गोष्टींवर खुशाल वाद घाला, पण समोरच्याला लगेच पाखंडी ठरवू नका. आणि हो, क्रीड बायबलच्या जागी नाही, प्रत्येक ओळ वचनाशी ताडून बघा, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करा.